राजा मरेना, मोहिते थांबेना

कोपऱ्यावर गराडूची गाडी लागली, की आमच्या राजेंद्र नगरात थंडी अधिकृतपणे सुरू होते. स्वेटर काढायचा की नाही, हे आम्ही पाऱ्यावरून ठरवत नाही, कढईवरून ठरवतो. काल संध्याकाळी ती गाडी दिसली. कंदाचे पांढरे चौकोनी तुकडे तेलात पडताना होणारा चर्र आवाज, वरून तिखट मसाला, लिंबाची धार, आणि पहिल्या घासाला हमखास भाजणारी जीभ. गेली कित्येक वर्षं मी पहिल्याच घासाला जीभ भाजून घेतो. अनुभवातून शिकणं हा माझा प्रांत कधीच नव्हता. मी प्राध्यापक होतो.

भाजलेली जीभ वाऱ्याला धरून उभा असताना तो हिवाळा आठवला. ज्या हिवाळ्यात मी राजा झालो, विष प्यायलो, आणि काही केल्या मला मरता येईना, तो.

मी कॉलेजात मराठी शिकवायचो. इंदूरच्या कॉलेजात मराठीचा वर्ग म्हणजे विद्यार्थी कमी आणि पंखे जास्त. त्यात माझा आवडता विषय शोकांतिका. थोर शोकांतिकांचा नायक उंच असावा लागतो, राजा नाहीतर राजपुत्र, म्हणजे पडला की आवाज मोठा होतो. त्याच्यात एखादा दोष असावा लागतो, म्हणजे तो का पडला हे आपल्याला कळतं. आणि तो पडला की प्रेक्षकांनी रडून मोकळं व्हावं लागतं. हे सगळं मी इतकी वर्षं इतक्या गंभीरपणे सांगत आलो होतो, की एकदा शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, शोकांतिका शिकवताना तुम्ही किती खुश दिसता यार.”

खुश होतोच. दुसऱ्याच्या दुःखाचे नियम माहीत असणं ही मोठी सुखाची गोष्ट असते.

तर त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या संमेलनातल्या नाट्यस्पर्धेसाठी मी स्वतःच एक शोकांतिका लिहिली. तीन अंकी. ‘भस्मसिंहासन’. एक हट्टी राजा आपल्याच हट्टापायी राज्य घालवतो, मुलगा घालवतो आणि शेवटी विष पितो. लेखक मी, दिग्दर्शक मी, आणि राजाही मीच. मंडळात दुसरं कुणी उंच नव्हतं, असं मी सांगत असे. आमची ही म्हणे की दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

तालमी रविवारी सकाळी मोहितेंच्या गच्चीवर चालत. कोवळं ऊन, वाळत घातलेल्या गोधड्या, खालून येणारा पोह्यांचा वास. दिलीप मोहिते माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते; तो स्वतः सांवेरच्या मंडीत सोयाबीनच्या ढिगांचा लिलाव पुकारायचा. दहा ट्रॅक्टर एकाच वेळी घरघरत असताना त्यांच्या वरून ज्याचा आवाज जाईल, त्याचंच ते काम. दिलीप हळू बोलला तरी तीन घरं ऐकत. गुपित सांगायला कुणी त्याच्याकडे जात नसे, आणि तरी सगळ्यांची गुपितं त्याला माहीत असत.

आमची भाषा तुम्हाला ठाऊक आहेच. क्रियापद मराठी आणि बाकी सगळी सराफा बाजारातली हिंदी. “मी वो वाला डायलॉग विसरून राहिलो यार” असं आमचा सेनापती अगदी निष्पाप चेहऱ्याने म्हणायचा. पण माझ्या राजवाड्यात हे चालणार नव्हतं. मी नियम केला: तालमीत ज्याच्या तोंडून हिंदी शब्द निघेल त्याने सगळ्यांना गराडू खिलवायचे. ‘खिलवायचे’ म्हटल्याबद्दल पहिला दंड मलाच बसला.

निवाडा करायला केतकी होती. पुण्याहून नुकतीच नोकरीसाठी इंदूरला आलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी, नाटकाचं सामान सांभाळणारी. आमचं मराठी ऐकताना तिच्या चेहऱ्यावर दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे भाव असत.

“सर, ‘पतझड’ नाही, ‘पानगळ’.”

“केतकीजी,” दिलीप खालच्या पायरीवरून गरजायचा, “पानं गळून राहिली ना? मग झाडाला फरक पडतो का?”

“जी लावू नका हो काका. मी घाबरते.”

दिलीपला मी नाटकात घेतलं नव्हतं, कारण मंडीच्या मोसमात त्याला वेळ नसे. शिवाय खरं कारण असं, की तो स्टेजवर आला की राजा कोण हे प्रेक्षकांना कळलं नसतं. तो फक्त पोहे खायला वर यायचा आणि माझी नक्कल करायचा. त्या मोसमात हळूहळू त्याचा आवाज बसत गेला. सगळे म्हणाले, सोयाबीनची धूळ. मीही म्हणालो. त्याची बायको, सुनंदावहिनी, तेवढ्या म्हणाल्या नाहीत. त्या त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या.

थोर शोकांतिकेत वाईट बातमी घेऊन दूत येतो. धावत येतो, गुडघ्यावर बसतो, दोन पानं बोलतो. आमच्याकडे बातमी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. वहिनींनी रिपोर्ट मला पाठवायचा तो चुकून ग्रुपवर टाकला. त्याच्या वर कुणाचं तरी गुलाबाचं फूल आणि ‘सुप्रभात’, त्याच्या खाली हळदीकुंकवाची वेळ. मध्ये दिलीपचा गळा. ग्रुपवरच्या एका आजोबांनी नेहमीच्या सवयीने त्याला अंगठा दिला.

स्वरयंत्रात गाठ होती, आणि ती चांगली नव्हती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. माणूस वाचेल, डॉक्टर म्हणाले, आवाज जाईल. पुढे गळ्यात एक छोटी झडप बसवून, सराव करून काही बोलता येतं. पण किती, कसं, येईलच का, याचं वचन देता येत नाही.

मी धावत गेलो. चेहऱ्यावर तिसऱ्या अंकाचे भाव होते. दिलीप अंगणात खुर्चीवर बसून हरभऱ्याचे हिरवे घाटे सोलत होता.

“ये प्रोफेसर,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “तू शिकवतोस ना, नायकाच्यात काहीतरी दोष असतो म्हणून तो पडतो? माझा दोष सांग.”

मी गडबडलो. दिलीप विडी ओढत नव्हता, दारू पीत नव्हता, तंबाखूच्या वासानेसुद्धा त्याला शिंका येत. डॉक्टरांनीही नक्की कारण सांगितलं नव्हतं.

“पत्त्यांत लबाडी करतोस,” मी म्हणालो.

“त्याला एवढी सजा?”

“हिंदी,” आतून वहिनी म्हणाल्या. “गराडू.”

आणि तो हसला. घसा दुखत असताना, हाताने मान धरून, घाटे सांडून हसला. मी तिथेच बसून माझा सगळा सिद्धांत मनातल्या मनात चाळला. थोर ग्रंथांत दोष सापडतोच, कारण लेखक तो आधी पेरून ठेवतो. इथे कुणी पेरलाच नव्हता. मी त्या दिवशी घरी येऊन माझ्या राजाचे दोन दोष कापून टाकले. नाटक त्यामुळे सुधारलं नाही, पण दहा मिनिटांनी कमी झालं.

जुन्या नाटकांत वृद्धांचा एक वृंद असतो, तो रंगमंचाच्या कडेला उभा राहून शहाणपणाचं बोलतो. आमचा वृंद सोफ्यावर बसायचा आणि चहा घ्यायचा. कुणी ज्येष्ठमध सांगितलं, कुणी महूजवळचा वैद्य, कुणी आपल्या साडूच्या गळ्याची कथा, जी शेवटी वाईट संपते हे त्यांना सांगायला लागल्यावर आठवलं आणि मग ती घाईघाईने गुडघ्याच्या ऑपरेशनकडे वळवण्यात आली. दिलीप प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला जायचा आणि प्रत्येकाशी वाद घालायचा. डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्या म्हटलं होतं. “बँकेत ठेवून व्याज मिळणार आहे का?” तो म्हणायचा. “खर्चून टाकतो.”

आणि त्याने खरोखर खर्चला. तपासण्या चालू होत्या त्या थोड्या दिवसांत तो न्हाणीघरात गायचा. कर्ज हवंय का म्हणून फोन करणाऱ्या मुलींना त्यांच्या गावची पिकं विचारायचा. रस्त्याच्या टोकावरून मला “दिघ्याऽऽ” अशी हाक मारायचा, आणि मी बाहेर आलो की “कुछ नहीं, जा” म्हणायचा.

एका सकाळी म्हणाला, सांवेरला चल. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी कानटोपी घालून गेलो. दोन्ही बाजूंना गव्हाची ओली हिरवी शेतं, धुक्यातून अचानक उगवणाऱ्या ट्रॉल्या, मंडीच्या फाटकापाशी सोयाबीनचा तो कोरडा, कच्च्या शेंगदाण्यासारखा वास. त्याच्या जागी आता दुसरा माणूस लिलाव पुकारत होता. दिलीप ढिगापाशी जाऊन उभा राहिला. मग एक म्हातारा शेतकरी म्हणाला, “मोहिते दादा, म्हारो ढेर तो तमीज बोलो.” माझा ढीग तुम्हीच बोला.

दिलीपने दाणे ओंजळीत घेतले, खाली सोडले, आणि सुरुवात केली. आवाज फाटका होता. मध्येच तुटायचा, परत यायचा. पण चढत गेला, चढत गेला, व्यापारी माना हलवत पुढे सरकत गेले, आणि शेवटचा आकडा त्याने असा फेकला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. म्हातारा म्हणाला, “भाव तो कल जैसा ही लगा, पण मजो आई गयो.”

परतताना मी मागे बसून रडत होतो. कानटोपीमुळे त्याला कळलं नसावं. “थंडी लागून राहिली का?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

हल्ली सकाळचं वर्तमानपत्र वाचताना मला माझ्याच सिद्धांताची गंमत वाटते. घाटात उलटलेली बस. कोचिंगच्या खोलीत एकटा पडलेला बाहेरगावचा मुलगा. काढणीच्या दिवशीच आलेला पाऊस. यांतला कुणी राजा नाही, कुणाच्या पडण्याचा आवाज दूर जात नाही. आणि बातमी वाचता वाचता आपण घरात विचारतो, शेव संपली का? पूर्वी मला याची लाज वाटायची. आता वाटतं, की शेव विचारणारा माणूस दगड असतोच असं नाही. ज्यांच्यावर ते कोसळलेलं असतं, त्यांच्याही घरात संध्याकाळी कुणीतरी डबा उघडून शेव आहे का ते बघत असतं. राजवाड्यात पडदा पडतो. घरात दूधवाला येतो.

मात्र त्या हिवाळ्यात मी एवढा शहाणा नव्हतो. मी दयेने भरून गेलो होतो आणि दया मला कपड्यासारखी शोभते असं मला वाटत होतं. एका रविवारी गच्चीवर सगळ्यांसमोर मी मुकुट काढला, पुठ्ठ्याचाच होता, आणि दिलीपसमोर धरला. “राजा तू कर.” मला वाटलं, सगळे टाळ्या वाजवतील. केतकीचे डोळे खरंच भरले.

दिलीपने मुकुट उलटापालटा करून बघितला. “राजा तर तीन अंक रडूनच राहिला आहे. आणि मी एवढ्यासाठी आवाज खर्चू? मला तो आचारी दे.”

राजाच्या आचाऱ्याला माझ्या नाटकात दोन वाक्यं होती. शेवटच्या प्रवेशात तो विषाचा पेला आणतो. ‘महाराज, पेला.’ राजा पितो. ‘महाराज, मी येतो.’ आणि जातो.

“दोनच वाक्यं आहेत रे.”

“लांब करून म्हणीन.”

वहिनी विंगेतून वाक्यं सांगायचं काम करणार होत्या. ऑपरेशन नाटकाच्या दुसऱ्या दिवशी ठरलं. डॉक्टरांनी फार तर एवढीच सूट दिली होती.

आता माझी चूक. माझा आग्रह होता की विष पिताना राजाचा चेहरा खरा वाकडा झाला पाहिजे. पेल्यात साधं पाणी नको. मी केतकीला म्हणालो, पाण्यात थोडं काहीतरी जळजळीत टाक. तिने वहिनींच्या स्वयंपाकघरातून जिरावन घेतलं. इंदूरबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: हा पोह्यांवर भुरभुरवायचा आमचा मसाला. भुरभुरवायचा. केतकीने आम्हाला पोह्यांवर तो घालताना बघितलं होतं आणि पुणेरी काटेकोरपणे असा निष्कर्ष काढला होता, की ही माणसं हा ओंजळीने खातात. तिने अख्खं पाकीट रिकामं केलं.

सभागृह भरलेलं. मुलगा गेलेला, राज्य गेलेलं, पार्श्वसंगीत थांबलेलं. पुढच्या रांगेतल्या काकूंनी रुमाल काढलेला मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितला आणि सुखावलो. आचारी आला. धोतर, उघडं अंग, खांद्यावर पंचा. “महाराज,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “पेला.”

मी पेला उंच केला, आकाशाकडे बघितलं, आणि एका दमात प्यायलो.

जे तोंडातून निघालं ते माझ्या नाटकात नव्हतं. सबंध हिवाळा ज्याने भाषेसाठी दंड वसूल केला त्या राजाने, सिंहासनावरून उडी मारून, खणखणीत आवाजात म्हटलं, “अबे यार! ये क्या पिला दिया बे!”

मग दिलीपने हात जोडले.

“क्षमा असावी महाराज. पण आपल्याच राज्यात हिंदीला बंदी आहे.”

सभागृह कोसळलं. मी खोकत, नाक गळत, सिंहासनाच्या पायरीवर पडलो. आता आचाऱ्याने ‘मी येतो’ म्हणून जायचं आणि मी मरायचं, एवढंच उरलं होतं. वहिनींनी विंगेतून वाक्य दिलंही: “महाराज, मी येतो.”

दिलीप गेला नाही.

तो पायरीवर माझ्या उशाशी बसला. “तरी मी सांगत होतो,” तो म्हणाला, “रिकाम्या पोटी विष घेऊ नये.” आणि मग सुरू झाला. राजवाड्यातल्या जेवणावळी, सेनापतीचं पोट, राणीसाहेबांच्या माहेरची माणसं, राजाचे शाळेतले मार्क. हे तर माझेच होते. मी मरायला डोळे मिटले, की तो मला हलवायचा: “महाराज, झोपू नका, पुढचं ऐका.” मी कुजबुजलो, “दिल्या, जा आता.” तो मोठ्याने म्हणाला, “महाराज म्हणतात, अजून सांग.” लोक डोळे पुसत होते, पोट धरत होते. रुमालवाल्या काकूंचा रुमाल कामाला आलाच.

मी खाली पडून त्याच्याकडे बघत होतो. घशाच्या शिरा ताणलेल्या, आवाज प्रत्येक वाक्याला आणखी फाटत चाललेला. आणि तेव्हा माझ्या जिरावनाने पेटलेल्या डोक्यात प्रकाश पडला. त्या विंगेच्या पलीकडे उद्याची सकाळ होती. तो तिकडे जायला तयार नव्हता. मग मीही मेलो नाही. उठून बसलो. “आचारी,” मी म्हणालो, “ती न्हाणीघरातली गोष्ट सांग.” आम्ही दोघं मिळून माझी शोकांतिका मोडत बसलो.

शेवटी आवाज संपला. वाक्याच्या मधोमध त्याचे ओठ हलले आणि काहीच आलं नाही. लोकांना वाटलं, तोही अभिनयच. विंगेतून वहिनी बाहेर आल्या, साध्या साडीत, हातात माझं नाटक. दिलीपला हाताने धरून उठवलं, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, “महाराज, आम्ही येतो.”

परीक्षकांनी नंतर विचारलं, ही शोकांतिका होती की प्रहसन? मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरचे आठवडे मात्र लांब होते. दिलीपच्या घरातली शांतता अंगावर यायची. रस्त्यावरून जाणारे उगाच फाटकाकडे बघायचे. तो खुणा करायचा. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि तीन म्हणजे दिघे मूर्ख आहे. तिसरी खूण फार वापरली गेली. वहिनी रडल्या नाहीत. पण भाजी चिरताना त्या एकट्याच दोघांचं बोलू लागल्या होत्या: “मीठ कमी आहे म्हणाल. आहेच कमी.”

मग झडप बसवली. गळ्यावर केलेल्या श्वासाच्या छिद्रावर बोट ठेवायचं आणि हवा वर ढकलायची. शिकवायला एक तरुण ताई होती. दिवसामागून दिवस नुसती फुसफुस निघायची. दिलीपच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच कंटाळा बघितला, आणि त्याच्या मागे काहीतरी कंटाळ्याहून वाईट. एका सकाळी मी दवाखान्यात त्याच्या शेजारी बसलो होतो. वहिनी खिडकीपाशी. ती शांतता मला सहन होईना, म्हणून मी बोलायला लागलो. आणि मी बोलायला लागलो की काय बोलतो ते तुम्हाला आता माहीत आहे. थोर शोकांतिकांत नायकाच्या शेवटच्या शब्दांना किती महत्त्व असतं, मौन हेसुद्धा कसं नाट्यमय असतं, मौनाचे प्रकार किती.

ताई म्हणत होती, “काका, आऽऽ म्हणा.” दिलीपने बोट गळ्यावर ठेवलं. मी मौनाच्या दुसऱ्या प्रकारावर होतो.

“चूप,” कुणीतरी म्हणालं.

मी वळून बघितलं. दाराशी कुणी नव्हतं. आवाज जाडा, खरबरीत, विहिरीतून आल्यासारखा. दिलीप माझ्याकडे बघत होता. त्याने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा बोट दाबलं.

“चूप... बस... बे.”

खिडकीपाशी काहीतरी पडलं. वहिनी पाण्याची बाटली तशीच लोळत टाकून आल्या, पलंगाच्या कडेवर बसल्या, आणि इतक्या दिवसांचं सगळं रडणं आणि हसणं एकदमच त्यांच्या तोंडातून बाहेर पडलं.

“परत म्हणा,” त्या म्हणाल्या. “दिघेभावोजींना परत म्हणा.”

त्याने परत म्हटलं. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने. मीही मदत म्हणून मधूनमधून तोंड उघडत राहिलो, मौनाचा तिसरा प्रकार, चौथा प्रकार, आणि तो प्रत्येक वेळी मला गप्प बसवत राहिला, दरवेळी आधीपेक्षा स्पष्ट. इतकं, की शेवटी शेजारच्या खोलीतली नर्स दार उघडून रागाने विचारायला आली, इथे कोण एवढं ओरडतंय म्हणून.